बर्फात एकटीनं जायचंय, घरी काय सांगू?

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र मालवण तालुक्यातल्या एका तिशीतल्या मुलीचं आहे. ऑक्टोबर ते मे ती पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेते. गेले काही हिवाळे ऐन सीझनमधून पंधरा दिवस काढून ती गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला जाते. आता तिथल्या गोंडोलाच्या (रोपवेच्या) हद्दीतले उतार तिला अपुरे वाटू लागलेत. येत्या फेब्रुवारीत स्प्लिटबोर्ड (चढताना दोन भागांत सुटणारा स्नोबोर्ड) घेऊन वस्तीपासून दूरच्या एका खोऱ्यात चार-पाच दिवस एकटीनं राहायचं आणि जिथे कुणी जात नाही असे उतार शोधायचे, असा तिचा बेत आहे. ती लिहिते, ‘ताई, बोर्डवर मी आता पक्की आहे. सगळं सेफ्टी किट घेऊन जाणार आहे. सीझनभर मी अनोळखी माणसांचे हात धरून त्यांना पाण्यात नेते. पंधरा दिवस तरी मला कुणाची जबाबदारी नको.’ भाऊ ट्रॉलरवर चार-चार रात्री बाहेर असतो, त्याला कुणी काही विचारत नाही; हिला मात्र आई विचारते, ‘थंय तुका काय झाला तर आमका कोण सांगतलो?’ तिचे प्रश्न दोन आहेत. कोर्सला चाललेय असं घरी सांगून निघू, की भांडून निघू? आणि एक सेकंडहँड स्प्लिटबोर्ड स्वस्तात मिळतोय, तो घेऊ का?

तू मला ताई म्हटलंयस, म्हणून मीही सरळ एकेरीतच लिहिते.

एकटीनं डोंगरात जावंसं वाटणं यात खूळ काही नाही. सह्याद्रीत एकट्यानं भटकणारे पूर्वीपासून आहेत आणि त्यात आता मुलीही कमी नाहीत. त्यामुळे ‘हे डोक्यातून काढून टाक’ असं उत्तर माझ्याकडून येणार नाही. पण तुझ्या पत्रात तीन-चार गोष्टींचा गुंता झालाय. तो सोडवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तुझा राग खरा आहे. भावाला कुणी अडवत नाही आणि तुला दर हिवाळ्यात घरादाराची समजूत काढावी लागते, हा अन्यायच आहे. पण त्या रागात तू घरच्यांचा प्रत्येक आक्षेप ‘मुलगी म्हणून’ या एकाच खात्यात टाकलायस. भाऊ समुद्रात जातो तेव्हा बोटीवर तांडेल असतो, खलाशी असतात, वायरलेस असतो, आणि बंदरावर बावटा चढला की बोटी माघारी येतात. तो एकटा जात नाही. तू जे योजतेयस ते याहून वेगळं आहे. हेच पत्र एखाद्या मुलानं लिहिलं असतं तरी माझं उत्तर बदललं नसतं.

आता आईचा प्रश्न. तो तू ‘आईची नेहमीची काळजी’ म्हणून बाजूला ठेवलायस. मला तर तुझ्या अख्ख्या पत्रात तोच सगळ्यात नेमका वाटला. हिवाळी हिमालयात काम करणारा कुठलाही चांगला गाइड निघण्याआधी हेच तर ठरवतो. काही झालं तर कळणार कुणाला, किती वेळानं कळणार, आणि तिथपर्यंत पोचणार कोण? तुझ्या बेतात या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. आईला स्प्लिटबोर्ड म्हणजे काय हे माहीत नसेल, पण समुद्रावर पोट असलेल्या घरात ती आयुष्यभर वाट बघत राहिलीय. कुठे बोट ठेवायचं ते तिला बरोबर कळलंय.

बोर्डवर तू पक्की आहेस हे मला मान्य आहे. पण बोर्ड चालवणं आणि बर्फ वाचणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि गोंडोलाच्या हद्दीत दुसरी विद्या तुझ्या वतीनं दुसरंच कुणीतरी वापरत असतं. बर्फ पडून गेला की स्की पेट्रोलची माणसं उतार बघतात, धोका दिसला तर वरचा टप्पा बंद ठेवतात. तू आजवर ज्या उतारांवर शिकलीस, ते ‘आज चालेल’ असं कुणीतरी आधी ठरवलेले उतार होते. हद्दीची दोरी ओलांडलीस की ते काम तुझ्यावर येतं.

क्रेग केली हे नाव तुझ्या कानावर असेलच. स्नोबोर्डिंगचा चार वेळचा विश्वविजेता. पुढे स्पर्धा सोडून तो बॅककंट्रीकडे, म्हणजे हद्दीबाहेरच्या मोकळ्या डोंगराकडे, वळला आणि गाइड होण्यासाठी शिकत होता. २० जानेवारी २००३ ला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात गाइडसोबतच्या गटात असताना हिमस्खलनात तो आणि आणखी सहा जण गेले. बोर्डवर त्याच्याइतकी हुकमत असलेली माणसं जगात थोडीच होती. घसरणाऱ्या बर्फापुढे ती कामी आली नाही.

असं का होतं ते थोडं तपशिलात सांगते, कारण तुझा सगळा निर्णय यावर उभा आहे. बर्फ थराथरानं साचतो. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) आला की दोन-तीन दिवस जोरात पडतो, मग कोरड्या थंडीचे दिवस जातात. बर्फ पातळ आणि हवा कडक गार असली की तळाशी सुटे, कडा असलेले, एकमेकांना न चिकटणारे दाणे तयार होतात. त्यावर नवा बर्फ येतो, वारा त्याला दाबून घट्ट करतो आणि वर एक सलग पाटी बनते. तिलाच स्लॅब म्हणतात. बघायला ती सुंदर असते, एकही सुरकुती नसलेली. तिच्यावर माणसाचं वजन आलं की खालचा थर बसतो, ‘वूंफ’ असा दबका आवाज येतो, पाटीला तडा जातो आणि अख्खा उतार एकदम सुटतो. असे स्लॅब बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे बोर्डला मजा येते नेमक्या त्याच उतारांवर. आणि बॅककंट्रीत ज्या हिमस्खलनांत माणसं दगावतात, त्यांतली दहापैकी नऊ त्या माणसानं किंवा त्याच्या सोबत्यानंच सुरू केलेली असतात.

गुलमर्गला अशा एका सरावाच्या वेळी मी हजर होते. शिकवणाऱ्यानं उतारात छातीएवढा खड्डा खणला, वरच्या बाजूची भिंत फावड्यानं सपाट केली आणि करवतीनं फूटभर रुंदीचा एक खांब सुटा केला. खांबावर फावड्याचं पातं आडवं ठेवून तो त्यावर हातानं थोपटायला लागला, दहा वेळा मनगटातून, मग कोपरातून. कोपरातल्या चौथ्या-पाचव्या थापेला वरचा हातभर जाडीचा ठोकळा निखळून सरळ खड्ड्यात आला. तुटलेली कड सुरीनं कापल्यागत सरळ होती. खालच्या थरावर मी हातमोज्याचं बोट फिरवलं तर दाणे भुरभुर खाली सांडले. शेजारीच, त्याच उतारावर, आदल्या दिवशी उतरलेल्या चार बोर्डांच्या खुणा होत्या. ते चौघे सुखरूप उतरले होते. त्या खुणा बघून पाचवाही निघाला असता, आणि पाटी जिथे पातळ होती तिथे त्याचा बोर्ड गेला असता तर काय झालं असतं ते आमच्यासमोर खड्ड्यात पडलेलं होतं.

‘सगळं सेफ्टी किट घेऊन जाणार’ असं तू लिहिलंयस. बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हे ते किट. यातली एकही वस्तू ती बाळगणाऱ्याला वाचवत नाही. बीकनचा संदेश पकडायला दुसऱ्याच्या हातात बीकन लागतो, प्रोब दुसऱ्यानं खुपसायचा असतो, फावडं दुसऱ्यानं चालवायचं असतं. थांबलेला बर्फ काही क्षणांत इतका घट्ट होतो की बोटसुद्धा हलत नाही. स्कीची बाइंडिंग आपटल्यावर बऱ्याचदा सुटते, स्नोबोर्डची सुटत नाही, त्यामुळे दोन्ही पाय फळीला जखडलेलेच राहतात. स्वित्झर्लंडमधल्या जुन्या नोंदींनुसार पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांतले नव्वदेक टक्के वाचत. पस्तीस मिनिटांवर हे प्रमाण तीस टक्क्यांवर येई. अलीकडच्या अभ्यासात ती पहिली मुदत आणखी आखडून दहा मिनिटांच्या आसपास आली आहे. दहा मिनिटांत बाहेरून कुणी येत नाही. गुलमर्गच्या हद्दीतही येणं कठीण, मग तुझ्या खोऱ्यात कुठून येणार? जो शेजारी उभा आहे तोच येतो.

हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला तू बडीपासून, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारापासून, लांब जाऊ नकोस म्हणून बजावतेस. हवा संपली, नळी अडकली, तर बडी म्हणजे दुसरा श्वास. तरीही काही मुरलेले डायव्हर एकट्यानं उतरतात, कारण ते वेगळा सिलिंडर, वेगळा रेग्युलेटर घेऊन बडीची जागा थोडीफार भरून काढू शकतात. बर्फात ती सोय नाही. एअरबॅगची पिशवी वर तरंगायला मदत करते, पण झाडावर आपटण्यापासून वाचवत नाही आणि घळीत खोल गाडलं गेल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. गाडलेल्या माणसानं स्वतःला उकरून काढावं असं काहीही पाठीवर नेता येत नाही.

हिमस्खलन सोडून दे. देवदार-फरच्या रानात ताजा बर्फ पडला की फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळी राहते. तिच्यात बोर्डसकट डोकं खाली होऊन पडलं की हाताला आधार सापडत नाही. उत्तर अमेरिकेत मुद्दाम सराव म्हणून माणसं अशा खड्ड्यांत उतरवून पाहिली गेली, तेव्हा बहुतेकांना आपलं आपण बाहेर येता आलं नाही. जोडीदार असेल तर हे दोन मिनिटांचं काम असतं. आणि साधा गुडघा पिरगळला तरी? घरी असतीस तर आठवडाभर पट्टी बांधून बसली असतीस. तिथे संध्याकाळी चारनंतर ऊन गेलं, पारा शून्याखाली दहा-बारावर उतरला आणि चालता येत नसेल, तर तंबू अर्ध्या किलोमीटरवर असूनही तो कामाचा नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. येत्या फेब्रुवारीत त्या खोऱ्यात एकटी जाऊ नकोस.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मी दडवणार नाही. सोबत म्हणजे ताईत नव्हे. केली गाइडच्या गटात होता. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा-२ या शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन आलं, २७ मृतदेह हाती लागले आणि दोघं सापडलेच नाहीत. तीही शिकलेल्या माणसांची तुकडी होती. गुलमर्गलाच अफरवट शिखरावर फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोघे स्कीअर गेले, पुढच्या फेब्रुवारीत रशियाचा एक. एकटे जाणारे म्हणतात की गटात माणूस धीट होतो, कुणीच ‘परत फिरू’ म्हणत नाही, आणि एकटा असताना तोच माणूस दहा पावलं अलीकडे थांबतो. यात तथ्य आहे. गटाचा माज असतो. पण जो दहा पावलं अलीकडे थांबतो, त्याला आधी कुठे थांबायचं ते दिसायला हवं, आणि ते दिसण्यापुरता काळ तू अजून हद्दीबाहेरच्या बर्फात घालवलेला नाहीस.

एकट्यानं उतरणाऱ्यांचे व्हिडिओ बघतेस असंही लिहिलंयस. एकटा माणूस निर्मनुष्य उतारावरून येतो, मागे बर्फाचा पिसारा उडतो. तो उतार कुणीतरी समोरच्या धारेवर उभं राहून टिपलेला असतो. ड्रोन असेल तर तो उडवणारा असतो, खाली रेडिओवर बोलणारा असतो, आदल्या दिवशी खड्डे खणून बर्फ तपासणारा गाइड असतो. खरोखरीच एकटे उतरलेलेही आहेत. फ्रान्सचा मार्को सिफ्रेदी मे २००१ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावरून बोर्डवर उतरला. ८ सप्टेंबर २००२ ला तो पुन्हा माथ्यावर होता, या खेपेस हॉर्नबाइन घळीतून एकट्यानं उतरायला. त्यातून तो परतला नाही. तेवीस वर्षांचा होता.

आता त्या वाक्याकडे येते, जे तू ओघात लिहून पुढे गेलीस. ‘पंधरा दिवस तरी मला कुणाची जबाबदारी नको.’ तुझ्या बेताचं मूळ मला इथे दिसतं. डिसेंबर-जानेवारीत मालवण-तारकर्लीला किती गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे. पोहता न येणारी, घाबरलेली, मास्कमध्ये पाणी गेलं की तुझ्याच अंगावर चढू पाहणारी माणसं, एकामागून एक. दिवसभर दुसऱ्यांच्या श्वासावर डोळा ठेवायचा. त्यानं माणूस आतून थकतो, आणि ही थकवणारी गोष्ट आहे हे तुझ्या धंद्यात कुणी बोलत नाही. तेव्हा तुला माझा प्रश्न असा आहे: तुला एकांत हवाय, की जबाबदारीतून सुट्टी? या दोन्हींची सोय वेगवेगळी होते. बॅककंट्रीत जोडीदार घेतलास तर त्याची जबाबदारी पुन्हा तुझ्यावर येते, त्याला उकरून काढायची तयारी तुलाही ठेवावी लागते. तुझी चिडचिड तिथली असेल तर मी ती समजू शकते. पण एकटी गेलीस तर हवामान, बर्फ, वाट, स्टोव्ह, स्वतःचं शरीर, सगळंच तुझ्या डोक्यावर. यात सुट्टी कुठे आहे? सुट्टी हवी असेल तर काही दिवस पैसे देऊन स्थानिक गाइड घे. निर्णयाचं ओझं तो उचलेल, तू शिकशील. सुट्टीच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच सोय आहे.

आणि एकांत हवा असेल, तर तो मिळवायच्या वाटा आहेत.

बॅककंट्रीचा शिस्तीचा नियम असा की धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानंच उतरायचं. बाकीचे वर किंवा बाजूला सुरक्षित जागी थांबून बघत राहतात, तो पोचला की दुसरा सुटतो. म्हणजे नीट शिकलेल्या दोघा-तिघांसोबत गेलीस तरी उतरताना उतार पूर्ण तुझा असतो. समोर कुणाची खूण नाही, मागे कुणाचा आवाज नाही. चढतानाही स्किन्स (मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या पट्ट्या) लावलेल्या स्प्लिटबोर्डवर दोघांमध्ये अंतर ठेवून तासन्‌तास न बोलता चालता येतं. न बोलणारा जोडीदार शोध. शिस्तीच्या माणसाइतकंच ते महत्त्वाचं आहे.

खरोखर एकटीनंच काही करायचं असेल तर २५ अंशांच्या आतला उतार निवड, आणि त्याच्या डोक्यावर उभा उतार नसावा. हे दुसरं लोक विसरतात. सपाट जागी उभं राहूनही वरचा उतार सुटू शकतो, आणि वरून आलेला बर्फ सपाटीवर बराच पुढे धावतो. उतार नजरेनं मोजू नकोस, नजर फसते. कोन मोजायचं साधं उपकरण मिळतं, फोनमध्येही सोय असते. अशा मंद उतारांवर वेग कमी असतो आणि बोर्ड सपाटीवर रुतून बसतो हे खरं, पण गावापासून तासाभराच्या अंतरावर, दुपारच्या आत परतायचं ठरवून, फक्त आपला आपण एक अख्खा दिवस बर्फात काढता येतो. तुझ्या जागी मी असते तर एकटेपणाची सुरुवात इथून केली असती, आणि बरेच दिवस इथेच राहिले असते.

तिसरी वाट तुमच्या किनाऱ्यानंच दिलीय. मेअखेर ते ऑगस्ट समुद्र बंद असतो, तू मोकळी असतेस. त्याच महिन्यांत तुझ्या मनातलं खोरं जाऊन बघ. बर्फ नसताना डोंगर आपली वाट उघडी करून दाखवतो. कुठल्या घळीत झाडं एका दिशेला मोडून पडलीत, कुठे वरपासून खालपर्यंत रानात एक पट्टा बोडका आहे, कुठे दरडीचा पंखा नाल्यापर्यंत पसरलाय. तो बोडका पट्टा म्हणजे हिवाळ्यात बर्फ घसरण्याची ठरलेली वाट. फोटो काढ, नकाशावर रंगव, गुज्जर-बकरवाल कुटुंबं तेव्हा वरच्या चराईवर असतात, त्यांच्याशी बोल. आणि नुसतं एकटीनं चालायचंच असेल तर त्याच दिवसांत लडाख आणि स्पिती पर्जन्यछायेत असतात. तिथे एकटी जाण्यात धोका आहे, पण तो तुझ्या हातात राहणारा धोका आहे.

खोरं निवडताना एक गोष्ट विसरू नकोस. गुलमर्गच्या अफरवटपलीकडे नियंत्रण रेषा फार लांब नाही. नकाशावर रिकामी दिसणारी जागा तुझ्यासाठी मोकळी असेलच असं नाही. स्थानिक पोलीस आणि प्रशासनाला विचारल्याशिवाय कुठलाही बेत पक्का करायचा नाही.

एका दबावाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण तो तुझ्यावर आहे. ऐन सीझनचे पंधरा दिवस सोडायचे म्हणजे तुझं मोठं नुकसान. मालवणहून तिथवर जायचं भाडं, राहणं, बोर्ड, सगळं वर्षभर साठवलेल्या पैशांतून. मग हवा बिघडलेली असली, धोक्याची पातळी पाचपैकी तीन असली, तरी ‘आज नाही तर थेट पुढच्या वर्षी’ हा विचार पायाला ओढतो. अमेरिकन संशोधक इयान मॅककॅमन यांनी हिमस्खलनाच्या अपघातांच्या नोंदी तपासून हेच दाखवलंय. संधी थोडी आहे असं वाटलं, ठरवून आलोय असं वाटलं, ओळखीची जागा वाटली, की धोक्याच्या खुणा समोर असूनही प्रशिक्षण घेतलेली माणसंसुद्धा पुढे जातात. काश्मीर-हिमाचलात राहणाऱ्याला आज नको तर परवा म्हणता येतं. किनाऱ्यावरून गेलेल्याला ते म्हणणं जड जातं. त्यामुळे तुझ्यासारख्यांनी मागे फिरण्याच्या अटी निघण्याआधी, घरी बसून, कागदावर लिहाव्यात. चोवीस तासांत एवढा नवा बर्फ पडला तर नाही, रात्रभर वारा होता तर नाही, अचानक ऊब आली तर नाही, पायाखाली ‘वूंफ’ ऐकू आला की तिथूनच परत. तो कागद जोडीदाराकडे द्यायचा, म्हणजे डोंगरात त्यावर वाद घालता येत नाही.

आता घरी काय सांगायचं. खोटं सांगून जाऊ नकोस. खोटं वाईट म्हणून सांगत नाही मी. ‘मनालीला कोर्सला आहे’ असं सांगून तू काश्मीरच्या खोऱ्यात गेलीस आणि परतली नाहीस, तर शोध मनालीत सुरू होईल. आईच्या प्रश्नाचं लेखी उत्तर तयार कर. एका पानावर लिही: कुठल्या वाटेनं, कुणासोबत, कुठल्या हॉटेलचा आणि गाइडचा फोन, कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत माझा निरोप येईल, आणि न आल्यास किती वाजता कुणाला फोन करायचा. देशभर चालणारा ११२ हा क्रमांकही त्यावर असू दे. ते पान आईला दे, आणि भावाला समजावून सांग, कारण फोनाफोनी तोच करेल. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, तेव्हा पोस्टपेड घेऊन जा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परदेशी लोकांच्या व्हिडिओत सर्रास दिसतात. आपल्याकडे ती परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे, मागवून ठेवू नकोस. विम्याची कागदपत्रंही वाच. हद्दीबाहेरचं स्नोबोर्डिंग आणि सुटकेचा खर्च त्यात धरलाय का ते शब्दाशब्दानं बघ.

आई एका बैठकीत हो म्हणेल असं मला वाटत नाही. पण आजवर तिला तू फक्त ‘काही होत नाही गो’ एवढंच सांगत आलीस. हातात पान आलं की तिचा ‘नको’ निदान ‘अमुक केलंस तर जा’पर्यंत सरकू शकतो.

डायव्हिंग आणि डोंगर दोन्ही करणाऱ्या तुझ्यासारख्यांसाठी एक वेगळी सूचना. विमानाआधी किती तास पाण्यात उतरायचं नाही हा नियम तू जाणतेस, सलग दिवसांच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास. हा नियम उंचीवरच्या कमी दाबासाठी आहे, पण विमानाच्या आतला दाब साधारण २४०० मीटर उंचीच्या आत राखलेला असतो. गुलमर्ग आहे सुमारे २६५० मीटरवर, आणि गोंडोलाचा वरचा टप्पा ३९५० च्या आसपास. सकाळी तारकर्लीला डाइव्ह, संध्याकाळी गोव्यातल्या मोप्याहून विमान, दुसऱ्या दिवशी गोंडोला, असं कधीही करू नकोस. मध्ये दोन-तीन कोरडे दिवस ठेव. समुद्रसपाटीवरून आलेल्या शरीराला विरळ हवेसाठी ते दिवस तसेही लागतातच. पोचल्यावर पहिले दोन दिवस गावातच राहा, आणि डोकेदुखी-मळमळ असेल तर वर जायचं नाही.

राहिला स्प्लिटबोर्ड. तो आत्ता घेऊ नकोस. बोर्ड वाईट आहे म्हणून नव्हे, पण आधी दुसऱ्या गोष्टींवर पैसे घाल. पहिले पैसे हिमस्खलन सुरक्षेच्या प्राथमिक कोर्सला. तो साधारण तीन दिवसांचा असतो, आणि त्यात खड्डा खणणं, बीकननं शोधणं, फावडं मारणं हाडात बसेपर्यंत करून घेतात. त्यानंतर स्वतःचा नवा, तीन अँटेनांचा बीकन, प्रोब आणि धातूचं फावडं. बीकन सेकंडहँड घेऊ नकोस, त्याचा आधीचा इतिहास कळत नाही. मालवणच्या वाळूत दोन बीकन पुरून-शोधून सराव करता येतो, तेवढ्यासाठी बर्फ लागत नाही. फक्त बीकननं शोधताना मोबाइल अर्धा मीटर लांब ठेव. हे सगळं होऊन पैसे उरले तर बोर्ड बघ. दोन्ही भाग जोडल्यावर मधल्या फटीत खेळ आहे का, कडेची पोलादी पट्टी कुठे उचकटलीय का, स्किन्सचा गोंद अजून धरतो का, पुढच्या-मागच्या कड्या नीट बसतात का, एवढं तपास. विकणाऱ्याला थांबायला सांग. तो थांबला नाही तर जाऊ दे, सीझन संपला की मार्च-एप्रिलमध्ये असे बोर्ड पुन्हा निघतात, आणि तोवर तुझा कोर्सही झालेला असेल.